आधी मोठं, मग बारीक

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या बालमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शन’ असं छापलंय. तो शब्द वाचून आमच्या घरात सगळे हसले. मी काही मार्गदर्शन वगैरे करणार नाही. बँकेत बदली झाली की जुना अधिकारी नव्या अधिकाऱ्याला चार्ज देतो. किल्ल्या कुठल्या, रजिस्टरं कुठली, कुठला खातेदार कसा, हे सगळं समजावून देतो आणि मग सही करून मोकळा होतो. आज मला तसा चार्ज द्यायचा आहे. कशाचा, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आठ वर्षांपासून, करोनाचा काळ सोडला तर, दर रविवारी सकाळी दहा ते अकरा या हॉलमध्ये आपण मुलांना कार्टून काढायला शिकवतो. दिवाळीनंतर माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. तेव्हा हा वर्ग पुढे कोणी चालवायचा, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर याच हॉलमध्ये बसलेलं आहे, अशी माझी खात्री आहे.

आता तुम्ही म्हणाल, “पण काका, आम्हाला कुठे चित्र काढता येतं?” मलाही कुठे येत होतं? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शाळेतली रेखाकला परीक्षासुद्धा दिलेली नाही. माझा चित्रकलेशी एकच संबंध आला, तो म्हणजे सह्या. आमच्या उमेदवारीच्या काळात कॉम्प्युटर नव्हते. चेक आला की नमुना सहीचं कार्ड काढायचं आणि सही ताडून बघायची. नवीन लागलेला मुलगा काय करायचा, तर सही वाचायचा. जोशी लिहिलंय, हो, जोशीच आहे, करा पास! मुरलेला माणूस नाव वाचतच नाही. तो उतार बघतो. पेन कुठे उचललं ते बघतो. शेवटचा फराटा वर जातो की खाली, दोन अक्षरांत जागा किती, हे बघतो. थोडक्यात, नाव विसरायचं आणि आकार बघायचा. पस्तीस वर्षं हे केलं. निवृत्तीनंतर नातीबरोबर चित्र काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की चित्र काढणं म्हणजे नव्वद टक्के हेच आहे.

मुलं तीन-चार वर्षांची असताना चित्र काढायला घाबरत नाहीत. एक गोळा काढतात, त्यालाच दोन हात आणि दोन पाय चिकटवतात आणि सांगतात, ही आजी. पोट नाही, मान नाही, पण आजी आहे! जगातली बहुतेक लहान मुलं माणूस असाच काढतात. त्यांना शिकवायला जाऊ नये. कागद द्यावा आणि बाजूला व्हावं. अडचण येते ती आठव्या-नवव्या वर्षी. तोवर मूल तुलना करायला शिकलेलं असतं. टीव्हीवरचा डोरेमॉन कसा दिसतो आणि आपल्या कागदावरचा कसा दिसतो, हे त्याला कळायला लागतं. मग ते पेन्सिल खाली ठेवतं आणि एक वाक्य बोलतं, “मला येत नाही.” पुष्कळ जणांचं चित्र काढणं त्या दिवशी संपतं ते कायमचं. इथे बसलेल्या मोठ्या माणसांनी आठवून बघा, आपण शेवटचं चित्र कधी काढलं? बहुतेकांचं उत्तर चौथी-पाचवी असंच येईल.

आपला रविवारचा वर्ग त्या एका वाक्यासाठी आहे. चित्रकार घडवण्यासाठी नाही.

“मला येत नाही” म्हणणाऱ्या मुलाला खरं म्हणजे काय येत नसतं? हात वळत नाही असं नाही. तोच हात सुंदर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काढतो. त्याला कुठून सुरुवात करायची ते माहीत नसतं. मूल सुरुवात करतं डोळ्यापासून. डोळा, त्याची बाहुली, पापण्यांचे केस एकेक मोजून. डोळा झकास होतो. मग दुसरा डोळा काढायला जागा उरत नाही, कान कागदाच्या बाहेर जातात आणि सगळं बिनसतं. आपली बिल्डिंग पंचवीस वर्षांपूर्वी उभी राहिली तेव्हा आधी बाथरूमच्या टाइल्स बसवल्या होत्या का? आधी पाया, मग कॉलम, मग स्लॅब, भिंती, प्लॅस्टर आणि टाइल्स सगळ्यात शेवटी. चित्राचंही तसंच. आधी मोठं, मग बारीक. पायरी पायरीने शिकवणं म्हणजे दुसरं काही नाही. हा क्रम मुलाच्या हातात द्यायचा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. ज्यांना चार्ज घ्यायचा आहे त्यांनी टिपून घ्यावं.

पहिल्या दिवशी मिकी माऊस. पुष्कळ पालक विचारतात, इतका जुना मिकी कशाला? मुलांना शिनचॅन हवा असतो. कारण असं आहे, की मिकी हा वर्तुळांचा बनलेला आहे. वॉल्ट डिस्ने आणि त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी तो तयार केला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ या छोट्या बोलपटातून तो लोकांसमोर आला. त्या काळी सगळी चित्रं हाताने काढायची. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे सात-आठ मिनिटांच्या फिल्मसाठी हजारो चित्रं, तीही अनेक माणसांनी मिळून काढायची आणि सगळ्यांचा मिकी सारखाच दिसला पाहिजे. मग सोपा आकार हवा. वर्तुळ सगळ्यांचं सारखं येतं. डोकं वर्तुळ, कान वर्तुळ. गंमत बघा, मिकीने मान कुठेही वळवली तरी त्याचे कान गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे दिसणार नाहीत. हातालाही अंगठा धरून चारच बोटं. कामाची बचत! तेव्हा मिकी सोपा आहे तो योगायोगाने नाही, तो सोपा करूनच घडवलेला आहे. शिकणाऱ्याला असाच माणूस, म्हणजे उंदीर, बरा.

पहिली पायरी, मोठं वर्तुळ. वाटी ठेवून नाही, हाताने. आधी पेन्सिल कागदावर न टेकवता हवेतच चार-पाच वेळा गोल फिरवायची. मनगट नाही, अख्खा हात खांद्यापासून हलला पाहिजे. हात लयीत आला की हळूच टेकवायची. रेघ इतकी फिकट, की लांबून दिसू नये. तीन-चार वर्तुळं एकावर एक आली तरी चालतील, त्यातलं बरं असेल ते पुढे गडद करता येतं. दर वर्षी कोणीतरी रडवेलं होऊन म्हणतं, “आजोबा, माझं वर्तुळ बटाटा झालंय.” मी म्हणतो, “मग आज बटाट्याचा मिकी कर.” आणि तो मिकी बहुधा सगळ्यात मजेदार होतो.

दुसरी पायरी, वर्तुळावर एक उभी आणि एक आडवी रेघ, अधिक चिन्हासारखी. मिकी सरळ बघत असेल तर रेघा सरळ. तो डावीकडे बघत असेल तर उभी रेघ डावीकडे फुगलेली, चेंडूवरच्या शिवणीसारखी. या एका रेघेने सपाट वर्तुळाचा चेंडू होतो. वर्गातली मुलं हे बघून हरखून जातात. तिसरी पायरी, दोन कान. घड्याळात दहा वाजतात तिथे एक आणि दोन वाजतात तिथे दुसरा. कान डोक्यापेक्षा लहान, पण फार लहान नाहीत. चौथी पायरी, जिथे रेघा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा खाली थुंकणी, आडव्या बटाट्यासारखी, आणि तिच्या टोकावर काळं नाक. पाचवी पायरी, थुंकणीवर उभे राहिलेले दोन लांबट डोळे, इडलीपात्रातल्या इडल्या उभ्या केल्यासारखे. सहावी, एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत हसू. सातवी, कपाळावर मध्ये टोक येणारी ती रेघ, जिच्या आतला चेहरा पांढरा आणि बाहेरचा काळा. आणि आठवी पायरी, पेनाने गडद करायचं आणि मगच खोडरबराला हात लावायचा. तोपर्यंत खोडरबर माझ्याकडे जमा. लॉकरमध्ये!

यात शिकवणाऱ्याने दोन पथ्यं पाळायची. एक, फळ्यावर पुढची पायरी काढायची ती शेवटच्या मुलाची आधीची पायरी झाल्यावरच. ज्याचं झालं असेल त्याने शेजाऱ्याचं बघायचं, पण बोलायचं नाही. दुसरं, मुलाच्या कागदाला आपल्या पेन्सिलीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. दाखवायचं असेल तर आपल्या कागदावर काढून दाखवा. मुलाच्या चित्रात आपण एक रेघ मारली, की चित्र चांगलं होतं पण ते त्याचं राहत नाही, आणि ते त्याला लगेच कळतं. डावखुऱ्या मुलांना रांगेच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. कागद पाठकोरे चालतात. सोसायटीच्या जुन्या सर्क्युलरांचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. सेक्रेटरीसाहेबांनी गैरसमज करून घेऊ नये.

दोन-तीन रविवारांनंतर मिकी हाताला बसतो. मग आपण घेतो कॉमन मॅन, आर. के. लक्ष्मण यांचा. आजच्या मुलांना तो माहीत नसतो, पण घरी जाऊन त्यांनी वही दाखवली की आजोबांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी तरी तो शिकवावा. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे, जन्म १९२१. लेखक आर. के. नारायण यांचे धाकटे भाऊ. ‘मालगुडी डेज’ मालिकेत जी रेखाचित्रं दिसायची ती लक्ष्मण यांचीच. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पहिल्या पानावर १९५१पासून त्यांचं ‘यू सेड इट’ हे चौकटीतलं चित्र येऊ लागलं. अखेरची वर्षं ते पुण्यात होते आणि २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच गेले.

मुलांना मी त्यांच्या दोन गोष्टी सांगतो. लहानपणी शाळेत गुरुजींनी पान काढायला सांगितलं, लक्ष्मणनी पिंपळाचं पान काढलं आणि गुरुजींनी कौतुक केलं. तेव्हापासून तो मुलगा स्वतःला चित्रकार समजायला लागला. पुढे मोठेपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला. पण तोपर्यंत उशीर झाला होता. पिंपळाच्या पानाने आपलं काम केलं होतं! पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपण सहज बोललेला एक शब्द मुलाजवळ किती वर्षं राहील, हे सांगता येत नाही. चांगला असो की वाईट.

दुसरी गोष्ट चित्र काढण्याच्या कामाची आहे. सुरुवातीला सामान्य माणूस दाखवायचा म्हणून लक्ष्मण पुष्कळ माणसं काढत. बंगाली, तमिळ, पंजाबी, ज्याचा त्याचा वेश. रोज चित्र द्यायचं, वेळ कमी. मग एकेक माणूस कमी होत गेला आणि शेवटी एकच उरला. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टक्कल. त्या एकात सगळा देश मावला. म्हणजे एवढा मोठा कलावंतसुद्धा कमी करत करतच त्या आकारापर्यंत पोचला. मुलांना वाटतं जास्त रेघा म्हणजे चांगलं चित्र. कॉमन मॅन काढताना त्यांना कळतं, की कुठली रेघ काढायची नाही हेही शिकावं लागतं.

त्याच्या पायऱ्या अशा. आधी अंड्यासारखं डोकं, फिकट. मध्यभागी मोठं बटाट्यासारखं नाक. इथे सगळं नाकापासून सुरू होतं, कारण चष्मा नाकावर बसतो आणि मिशी नाकाखाली. मग गोल चष्मा. चष्म्याच्या वर जाड भुवया, आणि त्या उंच, म्हणजे सतत आश्चर्य वाटल्यासारख्या. नाकाखाली टूथब्रशच्या केसांएवढी मिशी. डोक्यावर वर टक्कल आणि दोन्ही बाजूंना कापूस पिंजल्यासारखे केस. मग कोट, खाली धोतर, पायात बूट. कोटावरच्या चौकड्या पट्टीने काढायच्या नाहीत. अंग जिथे वळतं तिथे रेघही वळली पाहिजे, नाहीतर कोट खिडकीच्या जाळीसारखा दिसतो. हे मुलांना सांगून पटत नाही. शेजारी उभं राहून आपल्या चौकडीच्या शर्टाचं पोट दाखवलं की लगेच पटतं. माझं पोट या कामी आलेलं आहे.

आणि हा माणूस बोलत नाही. इतक्या वर्षांत तो चौकटीत उभा राहून नुसता बघतो. सगळं बोलणं त्याच्या भुवया करतात. मागच्या वर्षी आपण मुलांना सिंबायोसिसच्या आवारातला त्याचा पुतळा दाखवायला सेनापती बापट रस्त्यावर घेऊन गेलो होतो. वह्या घेऊन मुलं चहूबाजूंनी बसली. पाठीमागून कॉमन मॅन कसा दिसतो, हे पेपरात कधी नीट दिसत नाही, ते त्या दिवशी सगळ्यांनी काढलं. ज्यांना आणखी बघायचं असेल त्यांच्यासाठी बालेवाडीला लक्ष्मण यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे, सुट्टीत जरूर न्या.

भुवयांवरून तिसऱ्या भागाकडे येतो. याला मी नवग्रह म्हणतो, मुलं ‘नऊ तोंडं’ म्हणतात. एक पान घ्यायचं, त्यावर नऊ सारखी वर्तुळं. सगळ्यांना डोळे सारखेच, दोन ठिपके. भुवया तीन प्रकारच्या : वर उचललेल्या, नाकाकडे खाली आलेल्या, बाहेरच्या बाजूला पडलेल्या. तोंडं तीन प्रकारची : वर वळलेलं, खाली वळलेलं, सरळ. तीन त्रिक नऊ. नऊच्या नऊ माणसं वेगळी होतात. राग, लोचटपणा, काळजी, खोटं हसू, सगळं त्यात येतं. डोळ्यांचेही तीन प्रकार केले तर सत्तावीस. बँकवाल्याला हा हिशेब आवडला यात नवल नाही, पण शोध माझा नाही. जिनिव्हामध्ये रोडॉल्फ टॉपफर नावाचे एक शाळामास्तर होते. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना चित्रकार होता आलं नाही, म्हणून ते शिक्षक झाले आणि गमतीदार चित्रकथा काढू लागले. आजच्या कॉमिक्सचे ते एक मूळपुरुष मानले जातात. चेहऱ्यांवर त्यांनी १८४५ साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातलं सांगणं असं, की चेहरा कितीही वेडावाकडा काढा, त्यावर काहीतरी भाव येतोच. तो टाळता येत नाही. एक रेघ हलवा, भाव बदलतो. म्हणजे चेहरा ‘चुकत’ नाही, वेगळा होतो. “मला येत नाही” म्हणणाऱ्या मुलासाठी याहून मोठा दिलासा कुठला?

या नऊ तोंडांची एक हकीकत सांगतो. त्या घरातल्यांना विचारूनच सांगतोय, नाव घेत नाही. आपल्याकडच्या एका आजोबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. कळत सगळं होतं, सांगता येत नव्हतं. घरातल्यांनी अक्षरांचा तक्ता करून बघितला, तो काही जमला नाही. त्यांचा नातू आपल्या वर्गाला येतो, तेव्हा तिसरीत होता. त्याने एका रविवारी घरी जाऊन नऊ तोंडांचा कागद आजोबांसमोर धरला. आजोबांनी बराच वेळ बघितलं आणि एका तोंडावर बोट ठेवलं. भुवया पडलेल्या, तोंड सरळ. नातू म्हणाला, “आजोबांना कंटाळा आलाय.” पलंग खिडकीकडे सरकवला, तेव्हा आजोबांनी वर वळलेल्या तोंडावर बोट ठेवलं. पुढे त्या कागदावर त्याने स्वतःच भर घातली. दुखणारं तोंड, भुकेलं तोंड, ‘टीव्ही बंद करा’ म्हणणारं तोंड. आजोबा आज आपल्यात नाहीत. शेवटचं दीड वर्ष तो कागद लॅमिनेट करून त्यांच्या उशाशी होता. त्या मुलाला अजूनही सरळ रेघ नीट मारता येत नाही. पण चित्र कशासाठी काढायचं, ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलंय.

चौथा आणि शेवटचा भाग, स्वतःचं पात्र. एक शंका मला नेहमी विचारली जाते आणि ती योग्य आहे. एक शिक्षिका बाई आपल्याच सोसायटीत राहतात, त्यांनी विचारलं, “काका, सगळ्यांनी एकसारखा मिकी काढायचा, यात मुलांची कल्पनाशक्ती मरत नाही का?” मरते, जर तिथेच थांबलो तर. वीस मुलांचे वीस मिकी भिंतीला लावले आणि झालं म्हटलं, तर तो छापखाना झाला. पण गाणं शिकणारी मुलगी आधी गुरूने म्हटलेलं तसंच्या तसं म्हणते. पोळी लाटायला शिकताना आधी आईसारखीच लाटायला बघतात. जिना वर जाण्यासाठी असतो, जिन्यात बसून राहण्यासाठी नाही. म्हणून वर्षातले शेवटचे आठ रविवार फळ्यावर काहीही काढायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे. तुमच्या पात्राचा सगळ्यात मोठा आकार कुठला? गोल, चौकोनी की भोपळ्यासारखा? लांबून सावली बघितली तर ओळखू येईल का? त्याची एक खूण कुठली, जी कधीच बदलणार नाही? पुण्याच्याच चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१मध्ये ‘सकाळ’मधून चिंटू सुरू केला. इथल्या आईबाबांपैकी निम्मे तरी त्याच्याबरोबर वाढलेत. चिंटू आठवला की आधी काय डोळ्यांसमोर येतं, ते मुलांना सांगा. तेच खूण म्हणजे काय, याचं उत्तर.

मग मुलं जे काढतात ते आज मागच्या भिंतीवर लावलंय, चहाच्या वेळी बघा. टँकरची वाट बघणारी बादली आहे. लिफ्टमध्ये अडकलेला आणि तिथेच संसार थाटलेला मामा आहे. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या जागेवर झोपणारी मांजर आहे. आणि जाड भुवयांचा, हातात रजिस्टर घेतलेला एक म्हातारा आहे. तो कोण ते मी ओळखलंय, पण बोलणार नाही.

सह्यांचा आमचा एक नियम आहे, तोही चार्जमध्ये लिहून घ्या. मिकी काढला तर खाली लिहायचं, ‘मूळ पात्र : वॉल्ट डिस्ने’. कॉमन मॅन काढला तर लक्ष्मण यांचं नाव. आपलं नाव त्याच्या खाली. पात्र स्वतःचं असेल तरच एकट्याची सही. मुलं वर्षभर त्या एकट्या सहीची वाट बघतात. दुसऱ्याच्या कष्टाला नाव द्यायचं आणि आपल्या कष्टावर अभिमानाने सही करायची, एवढं या वर्गातून आलं तरी पुष्कळ झालं.

रौप्यमहोत्सवासाठी मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवावी आणि तीन बक्षिसं द्यावीत, अशी सूचना आली होती. कमिटीने माझं ऐकलं आणि स्पर्धेऐवजी सगळ्यांची चित्रं लावली, त्याबद्दल मनापासून आभार. स्पर्धेला माझा विरोध नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा जरूर द्याव्यात, त्यासाठी चांगले क्लासेस आहेत. पण तीन बक्षिसं दिली की उरलेली सतरा मुलं घरी काय घेऊन जातात? तेच वाक्य. ते वाक्य घालवायला आपण आठ वर्षं घालवली आहेत.

पालकांना दोनच विनंत्या. मुलाने चित्र दाखवलं तर “छान” म्हणून मोबाइलकडे वळू नका. “याच्या भुवया अशा का?” असं काहीतरी विचारा. त्याला कळतं की तुम्ही खरंच बघितलंय. आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं स्वतः शेजारी बसून काढा. तुमचं बिघडलेलं चित्र मुलाला जितका धीर देईल तितका माझा फळा देणार नाही.

तेव्हा मंडळी, चार्जची यादी अशी : एक फळा, दोन डब्बे पेन्सिली, जप्त केलेले एकोणीस खोडरबर, पाठकोऱ्या कागदांचे चार गठ्ठे, आणि वीस मुलं. त्यांपैकी दोघं डावखुरी, एक अजून बोलायला लाजतो, त्याला खिडकीपाशी बसू द्या. मला दोन माणसं हवी आहेत. चित्रकार नकोत. शेवटच्या मुलासाठी थांबता आलं पाहिजे, एवढीच पात्रता. दिवाळीपर्यंतचे रविवार मी बरोबर असेन. नंतर गुडघे साथ देतील तसा मागच्या रांगेत येऊन बसेन, आणि मला पायऱ्या चढायला वेळ लागला तर मुलं माझ्यासाठी थांबतील, अशी आशा आहे. त्यांना ते शिकवलंय.

नावं चहाच्या टेबलाजवळच्या कागदावर लिहावीत. कागद पाठकोराच आहे.